हॉथॉर्नचे दिवे

व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ‘मानव संसाधन’ या विषयाला सुरुवात झाली की थोड्याच पानांत हॉथॉर्नची गोष्ट येते. कारखान्यातला उजेड वाढवला, उत्पादन वाढले. उजेड कमी केला, तरीही वाढलेच. तात्पर्य असे की कामगाराला उजेडापेक्षा, आपल्याकडे कोणीतरी लक्ष देते आहे ही भावना महत्त्वाची वाटते. यालाच ‘हॉथॉर्न परिणाम’ म्हणतात. गोष्ट सुरेख आहे. पण प्रयोग करणे हाच आमचा व्यवसाय असल्याने आम्ही विचारणार, की नेमके काय बदलले होते आणि काय मोजले होते?

हॉथॉर्न हा शिकागोजवळ सिसेरो येथे असलेला वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा प्रचंड कारखाना. तेथे टेलिफोनची यंत्रसामग्री तयार होई. त्या काळी कारखानदारीवर फ्रेडरिक टेलर यांच्या विचारांचा पगडा होता. कामाचे बारीक तुकडे पाडा, प्रत्येक हालचालीचा वेळ घड्याळ लावून मोजा आणि सर्वांत कार्यक्षम पद्धत कामगाराला शिकवा, असे त्यांनी १९११ च्या आपल्या पुस्तकात मांडले होते. अशा वातावरणात उजेडाचा परिणाम मोजावासा वाटणे स्वाभाविकच होते. १९२४ ते १९२७ या काळात ते प्रयोग झाले. पण उजेड आणि उत्पादन यांचे सरळ नाते काही सापडेना.

मग १९२७ मध्ये एका वेगळ्या खोलीत सहा तरुणींना बसवण्यात आले. त्यांतल्या पाच जणी टेलिफोनचे रिले जोडत आणि सहावी त्यांना सुटे भाग पुरवी. सुमारे ३५ भागांचा एक रिले जोडायला जेमतेम मिनिटभर लागे. पुढे या मुलींना मधल्या सुट्ट्या दिल्या, खाणे दिले, कामाचे तास कमी केले. उत्पादन वाढत गेले. नंतर या सवलती काढून घेतल्या, तरी आठवड्याचा एकूण आकडा चढाच राहिला. १९२८ पासून या कामाशी जोडले गेलेले हार्वर्डचे एल्टन मेयो यांनी यातून निष्कर्ष काढला, की माणूस केवळ पैशासाठी काम करत नाही. सोबत्यांशी जुळलेले नाते आणि मिळणारी आपुलकीची वागणूकही त्याला काम करायला लावते.

आता तपशील पाहू. या खोलीत आल्यावर मुलींची मजुरी मोठ्या विभागाच्या उत्पादनावर न ठरता त्यांच्या छोट्या गटाच्या उत्पादनावर ठरू लागली. म्हणजे जास्त काम केले तर त्याचा पैसा जवळजवळ थेट हातात. सवलती काढल्या तेव्हा कामाचे तासही वाढले होते. दर तासाचे उत्पादन किंचित उतरलेच होते. शिवाय १९२८ च्या जानेवारीत दोन मुलींना फार बोलतात, सहकार्य करत नाहीत म्हणून खोलीतून काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या होत्या. एका वेळी इतक्या गोष्टी बदलल्यावर श्रेय आपुलकीला द्यायचे, मजुरीला, की बदलीच्या धाकाला? ॲलेक्स केरी यांनी १९६७ मध्ये नेमक्या याच मुद्द्यांवर बोट ठेवले.

उजेडाच्या प्रयोगातील आकडे नष्ट झाले असा समज होता. ते सापडल्यावर स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी पुन्हा तपासले आणि २०११ मध्ये प्रसिद्ध केले. दिवे बदलले जात ते रविवारी. सोमवारी उत्पादन वाढलेले दिसे. पण दिवे न बदललेल्या आठवड्यांतही शनिवारपेक्षा सोमवारी ते जास्तच असे! गोष्टीत सांगतात तसा ठळक परिणाम त्या आकड्यांत नव्हता.

हॉथॉर्नमध्ये आणखी एक प्रयोग झाला होता, तो गोष्टीत सहसा येत नाही. १९३१-३२ मध्ये तारा जोडणाऱ्या १४ पुरुष कामगारांचे निरीक्षण करण्यात आले. लक्ष दिल्याने काम वाढत असेल, तर येथेही वाढायला हवे होते. पण या गटाने दिवसाला किती काम करायचे ते आपसात ठरवून टाकले होते. कोणी फार भराभर काम करू लागला, तर सोबती त्याच्या दंडावर ठोसा मारत. जास्त काम दिसले की कंपनी मजुरीचा दर कमी करील किंवा काहींना कामावरून काढील, ही त्यांची धास्ती होती. महामंदीच्या त्या दिवसांत ती निराधार म्हणता येणार नाही. व्यवस्थापनशास्त्रात ज्याला ‘अनौपचारिक गट’ म्हणतात, त्याचे हे चांगले उदाहरण.

म्हणून हॉथॉर्न टाकाऊ ठरत नाही. कामगाराच्या मनात काय आहे ते त्यालाच विचारावे, ही कल्पना तेथे रुजली. हजारो कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. पण विचारणे म्हणजे ऐकणे नव्हे. आपुलकीने उत्पादन वाढते असे एकदा ठरले, की मजुरीचा आणि नोकरीच्या शाश्वतीचा प्रश्न मागे सारणे सोयीचे होते. माणसाला संसाधन म्हणताना हा धोका लक्षात ठेवायला हवा.

शिक्षकांना तर हे रोजचेच आहे. नवी पद्धत वापरली, वर्गाचे गुण वाढले. पद्धतीमुळे वाढले, शिक्षकाच्या उत्साहामुळे, की परीक्षा सोपी होती म्हणून? त्याच वेळी जुन्या पद्धतीने शिकणारा दुसरा वर्ग शेजारी असेल, तर त्याचेही गुण पाहावेत. आणि मुलांना काय वाटले, हे त्यांनाही विचारावे.