अ‍ॅस्बेस्टॉसमुळे फुफ्फुसाचा कॅन्सर: भरपाई कुठे आणि कशी मागायची?

फुफ्फुसाच्या कॅन्सरचा रिपोर्ट आला की दवाखान्यात पहिला प्रश्न बिडी-सिगारेटचा असतो. ‘आयुष्यभर काम काय केलं?’ हे मात्र बऱ्याचदा कुणी विचारतच नाही. भरपाईचा सगळा दावा याच प्रश्नाच्या उत्तरावर उभा राहतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

सिमेंटचे पत्रे आणि पाइप बनवणारे कारखाने, ब्रेक आणि क्लचचं लायनिंग, बॉयलर आणि वाफेच्या पाइपांवर गुंडाळायचं आवरण, जुन्या जहाजांचं इंजिन रूम, दारुखान्यातली जहाजतोडणी, गोदीतली दुरुस्ती. यांपैकी कुठेही काही वर्षं काम केलं असेल तर अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ छातीत गेलेली असू शकते. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांत कुणीतरी बोटीवर किंवा गोदीत होतं, त्यामुळे हा विषय वाटतो तितका लांबचा नाही. अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसाला कॅन्सर करतात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने केव्हाच मान्य केलं आहे. आपल्याकडे खाणी बंद झाल्या, तरी पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसची आयात आणि वापर चालूच राहिला. खरी अडचण अशी की धूळ आज गेली तर आजार 20 ते 40 वर्षांनी दिसतो. तोवर माणूस निवृत्त झालेला असतो, कधी कंपनीही बंद पडलेली असते.

कायद्यात हा आजार आहे

‘कॅन्सर म्हणजे नशिबाचा भाग, त्याची कसली भरपाई?’ असं आम्हाला अनेकांनी म्हणून दाखवलं आहे. कायदा तसं म्हणत नाही. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 च्या तिसऱ्या परिशिष्टात कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी आहे. त्यातल्या ‘ब’ भागात अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलियोमा (फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) दोन्ही नावानिशी आहेत. अ‍ॅस्बेस्टोसिस, म्हणजे धुळीने फुफ्फुस कडक होणं, हा आजार ‘क’ भागात आहे. अशा कामावर एकाच मालकाकडे सलग सहा महिने नोकरी झाली असेल आणि नोकरीत असताना आजार झाला, तर तो कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो. नाही म्हणायचं असेल तर ते मालकाने सिद्ध करायचं.

नोकरी सुटल्यावर आजार झाला तरी दार बंद होत नाही. पण तेव्हा पुराव्याचं ओझं कामगारावर येतं: आजार त्या कामामुळेच झाला हे दाखवावं लागतं.

नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. हा कायदा आणि ईएसआयचा कायदा दोन्ही सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले आहेत. खाली आम्ही जुन्या कायद्याप्रमाणे माहिती देतो, कारण जुन्या नोकऱ्यांचा प्रश्न त्याच भाषेत समजतो. आपला अर्ज नेमका कशाखाली टाकायचा हे मात्र वकिलाकडून पक्कं करून घ्या.

आधी बघा, ईएसआय होतं का

पगारातून ईएसआय कापलं जात होतं का? हे आधी तपासा. कारण ईएसआयचा विमा असलेल्या कामगाराला याच आजारासाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. त्याचा हक्क ईएसआयकडे. तिथे कायमचं पूर्ण अपंगत्व ठरलं तर सरासरी रोजच्या मजुरीच्या 90 टक्के दराने दरमहा रक्कम मिळते आणि मृत्यू झाल्यास आश्रितांना पेन्शन. किती टक्के अपंगत्व ते वैद्यकीय मंडळ ठरवतं. नकार आला तर कर्मचारी विमा न्यायालयात जाता येतं, त्याची मुदत तीन वर्षं.

ईएसआय नसेल तर नुकसानभरपाई आयुक्तांकडे अर्ज. हे अधिकार कामगार न्यायालयाला किंवा जिल्ह्यातल्या दिवाणी न्यायालयाला दिलेले असतात. अर्ज कारखान्याच्या गावीच करावा असं नाही, आपण राहतो तिथेही करता येतो. मुंबईत नोकरी करून आता चिपळूणला किंवा आझमगढला राहणाऱ्याला ही मोठी सोय आहे. ठेकेदाराकडे होतो म्हणून मागे हटू नका, मूळ मालकावरही जबाबदारी येते.

रकमेचं गणित असं: कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर महिन्याच्या पगाराचे 60 टक्के गुणिले वयाचा आकडा, मृत्यू असेल तर 50 टक्के गुणिले वयाचा आकडा. पगार कितीही असला तरी हिशोबाला 15,000 रुपयांपर्यंतच धरतात. 60 वर्षांच्या माणसाचा आकडा 117.41 आहे. म्हणजे पगार 15,000 धरला तर अपंगत्वाचे 10,56,690 रुपये आणि मृत्यूचे 8,80,575 रुपये होतात. देणं एका महिन्यात दिलं नाही तर 12 टक्के व्याज, आणि विनाकारण टाळलं तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. कॅन्सरच्या खर्चापुढे ही रक्कम फार नाही, हे आम्हालाही कळतं.

मुदत: इथेच दावे बुडतात

अर्जाची मुदत दोन वर्षं आहे. नोकरी सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली तर ती पहिल्यांदा आढळली त्या दिवसापासून मुदत मोजतात. आता विचार करा, 25 वर्षांनी येणाऱ्या कॅन्सरला ही दोन वर्षांची अट कशी बसणार? हा कायद्यातला सरळ सरळ दोष आहे असं आमचं मत आहे. त्यावर उपाय एकच: पुरेसं कारण असेल तर आयुक्त उशीर माफ करू शकतात. म्हणून निदान झाल्यावर लगेच अर्ज टाका आणि त्यासोबत उशीर माफीचा अर्ज जोडा. ‘आजार कामामुळे आहे हे डॉक्टरांनी अमुक तारखेला सांगितलं’ असं कारण लिहायचं आणि तो कागद लावायचा. ‘आधी उपचार होऊ देत, मग बघू’ असं म्हणण्यात वर्ष कसं निघून जातं ते कळत नाही.

कागद कुठून आणायचे

नोकरीचा पुरावा नाही, असं सांगणारे खूप भेटतात. घरातली पत्र्याची पेटी एकदा नीट उघडून बघा. पगाराची स्लिप, हजेरी कार्ड, गेट पास, ईएसआय कार्ड, युनियनची पावती, काहीही चालतं. पीएफच्या नोंदीत कंपनीचं नाव आणि वर्षं असतात. खलाशी असाल तर सीडीसी जपून ठेवा, त्यात कुठल्या बोटीवर कधी होतात ते सगळं असतं. शेजारच्या मशीनवर काम केलेल्या दोघा-तिघांची शपथपत्रं आत्ताच करून घ्या. तेही म्हातारे झालेत.

कंपनीकडेही कागद असायला हवेत. सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी, अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर, अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांना आदेश दिला: प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरी लागल्यापासून 40 वर्षं किंवा नोकरी संपल्यापासून 15 वर्षं, यांत जे नंतर येईल तोवर ठेवायची. ही नोंद लेखी मागा, स्पीड पोस्टने, आणि पोच सांभाळा. उत्तर नाही आलं तर तेही पुराव्यात लावता येतं. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहिती अधिकारात तपासणीचे अहवाल मागता येतात.

डॉक्टरांकडून दोन गोष्टी घ्या. केस पेपरवर कामाचा इतिहास लिहून घ्या: कुठलं खातं, किती वर्षं, धूळ किती. आणि छातीच्या सीटी स्कॅनवर अ‍ॅस्बेस्टोसिस किंवा आवरणावरचे चट्टे दिसतात का, हे रिपोर्टमध्ये स्पष्ट मागा. मेसोथेलियोमा बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉसमुळेच होतो, तिथे वाद कमी. साध्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये समोरचा वकील बिडीवर बोट ठेवणारच. बिडी ओढत होतात तर लपवू नका. धूळ आणि धूर एकत्र आले की धोका कित्येक पटींनी वाढतो, हे वैद्यकशास्त्रच सांगतं, आणि बिडी होती म्हणून धुळीचा वाटा पुसला जात नाही. बायोप्सीचा ब्लॉक लॅबमधून हरवू देऊ नका. मृत्यूनंतरही तो पुरावा म्हणून कामाला येतो.

मृत्यूनंतर पैसे कुणाला

यावर घराघरांत गैरसमज आहे. ही रक्कम मयताचा तरका नाही, त्यामुळे ती फराइजच्या हिश्शांनी वाटली जात नाही. कायद्यातले ‘आश्रित’ वेगळे ठरतात: विधवा, अल्पवयीन मुलगा, अविवाहित मुलगी, विधवा आई हे त्यात आधी येतात. कुणाला किती, ते आयुक्त गरज बघून ठरवतात, सगळी रक्कम एकालाही देऊ शकतात. मृत्यूची भरपाई मालकाने आयुक्तांकडेच जमा करायची असते. कंपनीचा माणूस घरी पाकीट घेऊन आला आणि ‘आता काही मागणं नाही’ अशा कागदावर सही मागू लागला, तर सही करू नका. हक्क सोडून देणारा असा करार कायद्यात रद्दच ठरतो, पण त्यावरून भांडत बसायला पुन्हा वर्षं जातात.

दुसरे रस्ते

मालकाच्या निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दावाही करता येतो आणि त्यात रकमेला वरची मर्यादा नसते. पण आयुक्तांकडे अर्ज केला की तो रस्ता बंद, आणि दावा केला की आयुक्तांचा बंद. दिवाणी दाव्याला लागणारी वर्षं पाहता आजारी माणसासाठी आयुक्तांचा मार्गच बरा, असं आम्हाला वाटतं.

कंपनीची मूळ मालकी परदेशात असेल तर तिथल्या वकिलाला एकदा विचारून बघायला हरकत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या अ‍ॅस्बेस्टॉस खाणींच्या हजारो पीडितांना केप या ब्रिटिश कंपनीविरुद्ध लंडनमध्ये खटला चालवायची परवानगी हाउस ऑफ लॉर्ड्सने 2000 साली दिली होती, आणि पुढे कंपनीला तडजोड करावी लागली. परदेशी झेंड्याच्या बोटीवरच्या खलाशांचं मात्र करारपत्रावर ठरतं, ते आधी वाचून घ्या.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगार आणि स्त्रिया यांना तिथे मोफत वकील मिळायचा हक्क आहे, हेल्पलाइन 15100. आयुक्तांपुढे नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारीही तुमच्या वतीने उभा राहू शकतो. दावा चालू असताना उपचार थांबवू नका: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचा उपचार बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, आणि त्याच फेरीत केस पेपरची झेरॉक्सही मागून आणा.