राखेने फुगलेली कुकी

ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमेरिकेत भोपळ्याचा हंगाम असतो. शेतं नारिंगी फळांनी भरतात आणि घरोघरी भोपळ्याचे गोड पदार्थ होऊ लागतात. त्यातलाच एक म्हणजे भोपळ्याच्या मऊ कुकी. शिजवून घोटलेला गर, मैदा, लोणी, मळी असलेली तपकिरी साखर, वर दालचिनी, सुंठ, जायफळ आणि लवंगेची पूड. भाजून गार झाल्यावर वरून पिठीसाखर आणि मऊ चीज एकत्र फेटून केलेला पांढरा लेप, म्हणजे फ्रॉस्टिंग. नानकटाईची सवय असलेल्या माणसाने ही कुकी हातात घेतली तर तो विचारेल, हे बिस्कीट म्हणायचं की केक?

प्रश्न रास्त आहे. भोपळ्यात नऊ-दशांश पाणी असतं. बिस्कीट खुसखुशीत होतं ते भाजताना त्यातलं जवळजवळ सगळं पाणी निघून जातं म्हणून. इथे मात्र ते जात नाही. भोपळ्यातलं पेक्टिन, फुगलेला स्टार्च आणि ओलावा धरून ठेवणारी तपकिरी साखर हे सगळे मिळून पाणी अडवून ठेवतात. एवढ्या ओल्या पिठाचा भट्टीत खरं तर दडदडीत गोळा व्हायला हवा. आपण भोपळा आणि गुळाचे घारगे करतो, तेव्हा ही अडचण येत नाही. घारगा पातळ असतो आणि तेलात पडताच वाफेने फुगतो. कुकी जाड असते, भट्टीत हळूहळू भाजते. ती हलकी व्हायची तर पिठात वायूचे बुडबुडे दुसरं कोणीतरी भरायला हवेत.

हे काम कोण करतं ते पाककृतीत एका ओळीत येऊन जातं : थोडा खायचा सोडा, थोडी बेकिंग पावडर. वाचणारा तिथे थांबत नाही. आपण थांबू, कारण या दोन पुड्यांच्या मागे मोठा इतिहास आहे, आणि त्यातला निम्मा स्वयंपाकघराबाहेर घडला आहे.

भोपळा मूळचा अमेरिकेचाच. मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतात गिला नाकित्झ नावाच्या गुहेत मिळालेल्या बिया सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या, लागवडीच्या भोपळ्याच्या आहेत, असं ब्रूस स्मिथ या पुरावनस्पतिशास्त्रज्ञाने १९९७ साली दाखवून दिलं. आपला लाल भोपळा, म्हणजे काही भागांत ज्याला डांगर म्हणतात तो, कोलंबसानंतरच इकडे आला. अमेरिकेत डब्यात भरून विकला जाणारा गर बहुतांशी ज्या जातीचा असतो, तीच ही जात. म्हणजे भोपळा अगदी जुना. मसालेही युरोपीय व्यापाऱ्यांनी सतराव्या शतकातच तिकडे पोचवले होते. ‘कुकी’ हा शब्द डच भाषेतला, न्यूयॉर्क ही डच वसाहत होती त्या काळापासून तिथे रुजलेला. मग ही मऊ कुकी अठराव्या शतकातच का झाली नाही?

१७९६ साली हार्टफर्ड गावी अमेलिया सिमन्स या बाईंचं ‘अमेरिकन कुकरी’ नावाचं छोटं पुस्तक छापलं गेलं. अमेरिकन बाईने लिहिलेलं, अमेरिकेत छापलेलं हे पहिलं पाककृतींचं पुस्तक समजलं जातं. त्यात भोपळा आहे. एका कृतीत भोपळ्याच्या गराला दाट साय आणि नऊ अंडी, जोडीला जायपत्री, जायफळ आणि सुंठ. त्यात कुकीसुद्धा आहे, पण तिच्यात भोपळा नाही. पीठ, साखर, थोडं लोणी आणि, गंमत म्हणजे, धन्याची पूड. आणि दुधात विरघळवलेले दोन चमचे पर्लअ‍ॅश!

ही पर्लअ‍ॅश म्हणजे लाकडाची राख. अर्थात चुलीतली तशीच नव्हे. राखेवर पाणी ओतायचं, ते गाळायचं आणि लोखंडी कढईत आटवायचं. तळाशी जो काळपट क्षार उरतो, तो पोटॅश, शब्दशः ‘भांड्यातली राख’. हा भट्टीत पुन्हा भाजला की त्यातला कोळशाचा अंश जळून जातो आणि मोत्यासारखी पांढरी पूड मिळते. ती पर्लअ‍ॅश. रसायनाच्या भाषेत पोटॅशियम कार्बोनेट. पोटॅशियम हे नाव आपण मुलांना पाठ करायला लावतो, ते याच भांड्यातल्या राखेवरून हम्फ्री डेव्हीने १८०७ साली ठेवलं. राखेतून क्षार काढण्याची विद्या आपल्यालाही नवी नाही. सुश्रुतसंहितेत वनस्पती जाळून क्षार करण्याची पद्धत सविस्तर सांगितली आहे, आणि आसामात केळीच्या सालींच्या राखेचा खार आजही स्वयंपाकात वापरतात.

रासायनिक पदार्थाने पीठ फुगवण्याचा अमेरिकन छापील पुस्तकातला पहिला उल्लेख हाच मानतात. तोपर्यंत दोनच उपाय होते. एक यीस्ट, ज्याला तासन्‌तास थांबावं लागे आणि जे थंडीत रुसून बसे. दुसरा अंडी फेटणं. केकसाठी अर्धा तास, तासभर अंडी फेटत बसायची, म्हणजे पदार्थातली हवा कुणाच्या तरी मनगटातून येत असे. हे मनगट बहुतेक वेळा घरच्या बाईचं, मोलकरणीचं किंवा गुलामाचं असे. दोन चमचे राखेने ते काम केलं, हे मला अजिबात किरकोळ वाटत नाही.

पण ही राख यायची कुठून? लाकूड जाळलं की त्याच्या वजनाच्या शेकडा एक भागाच्या आसपासच राख उरते, आणि तिच्यातलाही पाण्यात विरघळणारा भाग थोडाच. त्यातही पाइन वृक्ष कुचकामी. एल्म, मेपल, ओक यांसारखी कठीण लाकडं हवीत. ईशान्य अमेरिकेत नव्याने वसणारे शेतकरी जंगल तोडत, ओंडक्यांचे ढीग पेटवत आणि राख विकत. पहिलं पीक हाती येण्याआधी रोख पैसा मिळायचा तो राखेतूनच. यातली फार थोडी कुकीत गेली. बहुतेक सगळी इंग्लंडला साबण, काच आणि कापडाच्या कारखान्यांकडे जाई. राखेचा व्यापार इतका मोठा होता, की अमेरिकेने दिलेलं पहिलं पेटंट, ३१ जुलै १७९० रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सहीने, सॅम्युअल हॉपकिन्स यांना पोटॅश आणि पर्लअ‍ॅश करण्याच्या सुधारित पद्धतीसाठी मिळालं. राख भिजवण्याआधी भट्टीत पुन्हा एकदा जाळायची, एवढीच त्यांची युक्ती होती. थोडक्यात, सिमन्सबाईंच्या कुकीतला बुडबुडा जंगलाचा होता.

पर्लअ‍ॅशला खोडही होती. कार्बोनेट नुसतं भट्टीच्या उष्णतेने वायू सोडत नाही, त्याला आम्ल लागतं. दूध आंबट असेल तर ठीक. कमी पडलं तर उरलेला अल्कली लोण्यातल्या स्निग्ध पदार्थाशी संयोग पावतो आणि कुकीला साबणाची चव येते. साबणासारखी नव्हे हं, साबणाचीच! पुढे कोणाच्या तरी लक्षात आलं, की पर्लअ‍ॅश आंबणाऱ्या पिंपांवरच्या वायूत ठेवली तर तिचं बायकार्बोनेट बनतं आणि ते जास्त फुगवतं. हे सॅलेरेटस, म्हणजे ‘हवा भरलेला क्षार’.

दरम्यान युरोपात लाकूड संपत आलं होतं. फ्रान्समध्ये निकोला लब्लाँ यांनी १७९१ साली मिठापासून सोडा बनवण्याची पद्धत काढली. क्रांतीच्या धामधुमीत त्यांचा कारखाना जप्त झाला आणि १८०६ साली त्यांनी आत्महत्या केली. पद्धत मात्र इंग्लंडात फोफावली. तिच्या धुराड्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू बाहेर पडे. आसपासची झाडं करपत. अखेर १८६३ साली ब्रिटिश संसदेला त्यासाठी अल्कली कायदा करावा लागला. १८६१ साली बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हे यांनी मीठ, चुनखडी आणि अमोनिया वापरून स्वच्छ पद्धत शोधली. ‘स्वच्छ’ हे लब्लाँच्या मानाने. न्यूयॉर्क राज्यातला सॉल्व्हे पद्धतीचा कारखाना १९८६ साली बंद झाला, तेव्हा शेजारचं ओनोंडागा सरोवर त्याच्या गाळाने पार खराब झालेलं होतं.

स्वयंपाकघरापुरतं बोलायचं तर सोडा स्वस्त झाला. १८४६ पासून ऑस्टिन चर्च आणि जॉन ड्वाइट हे न्यूयॉर्कमध्ये खायचा सोडा पुड्यांत भरून विकू लागले. सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट नुसत्या उष्णतेनेही वायू सोडतं, पण त्याच्या अंगी असलेल्या वायूपैकी निम्माच, आणि मागे धुण्याचा सोडा उरतो. पूर्ण वायू हवा तर आम्ल हवंच. मग आम्लाची कोरडी पूड सोड्यातच मिसळून का ठेवू नये? बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ साली हे केलं. त्यांच्या पत्नीला यीस्ट आणि अंडी चालत नसत म्हणून! त्या काळी बेकिंग पावडरसाठी कोरडं आम्ल म्हणून वापरत ते क्रीम ऑफ टार्टर द्राक्षाच्या दारूच्या पिंपांतून खरवडून मिळे आणि अमेरिकेत महाग पडे.

जर्मनीत लीबिग यांच्या हाताखाली शिकून आलेले हार्वर्डचे प्राध्यापक एबेन हॉर्सफर्ड यांनी १८५६ साली त्याला पर्याय शोधला : कॅल्शियमचं आम्लधर्मी फॉस्फेट. ते बनवायचे कशापासून, तर बैलांच्या हाडांवर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून. मैदा करताना कोंड्याबरोबर निघून जाणारं फॉस्फेट लोकांच्या पोटात परत जावं, असाही त्यांचा हेतू होता. पुढे कॉर्नचा स्टार्च मिसळून दोन्ही पुड्या एकाच डब्यात कोरड्या राहतील अशी सोय झाली आणि हाडांची जागा खनिज फॉस्फेटने घेतली.

आता कुकीकडे परत या. तिच्यात दोन्ही का लागतात, हे तुमच्या नववीच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. भोपळ्याच्या गराचा सामू ५ च्या आसपास असतो, म्हणजे तो किंचित आंबट. तपकिरी साखरेतली मळीही तशीच. खायचा सोडा या दोघांचं आम्ल वापरून वायू देतो आणि कुकीला रंग चढायला मदत करतो. पण ते आम्ल पुरेसं नाही, म्हणून स्वतःचं आम्ल बरोबर घेऊन येणारी बेकिंग पावडर उरलेलं फुगवण्याचं काम करते. ज्या पिठाला १७९६ साली नऊ अंडी लागली असती, ते आता एखाद्या अंड्यावर हलकं होतं. भोपळा, पर्लअ‍ॅश आणि कुकी ही तिन्ही सिमन्सबाईंच्या एकाच पुस्तकात होती. त्यांची गाठ पडायला स्वस्त सोडा, भरवशाची पावडर आणि घरोघरी लोखंडी भट्टी यावी लागली.

आज अमेरिकेतला सोडा बहुतांशी वायोमिंग राज्यातल्या ग्रीन रिव्हर भागातून येतो. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी तिथल्या एका विस्तीर्ण सरोवराचं पाणी आटत गेलं आणि ट्रोना नावाच्या खनिजाचे थर साचले. ते जमिनीखालून खणून काढतात. असं साचणं आपल्याकडेही पाहायला मिळतं : बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या काठचा सोड्याचा क्षार पूर्वी गोळा करून विकत असत.

वर्गात एक गोष्ट जरूर करून पाहा. खायच्या सोड्याचे दोन भाग करा. एक तसाच ठेवा, दुसरा लोखंडी तव्यावर मध्यम आचेवर दहा-पंधरा मिनिटं ढवळत भाजा. तो उकळल्यासारखा हलेल. तो निसटणारा वायूच असतो. गार झाल्यावर दोन्ही वेगवेगळ्या पाण्यात विरघळवा आणि प्रत्येकात हळदीने रंगवलेली कागदाची पट्टी बुडवा. तिसऱ्या भांड्यात लाकडाच्या राखेची रात्रभर भिजवून गाळलेली निवळी घ्या (भाजलेल्या सोड्याचं पाणी आणि ही निवळी, दोन्ही डोळ्यांना आणि त्वचेला अपायकारक, तेव्हा ती हाताळायची ती शिक्षकांनीच). साध्या सोड्यात पट्टी फिकट तांबूस होईल, उरलेल्या दोहोंत गडद लाल. सिमन्सबाईंच्या कुकीत आणि आजच्या कुकीत काय फरक होता, तो या तीन पट्ट्या शेजारी ठेवल्या की दिसतो.