रात्री एकटीने प्रवास : लाइव्ह लोकेशन पाठवलं, पण बघणारं कोणी जागं आहे का?

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि माझं गाव वाशिम जिल्ह्यातलं आसेगाव. सण, लग्न असं काही असलं की गावी जायचं आणि वाशिमहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून परत यायचं, हे गेली काही वर्षं चालूच आहे. गाडी साधारण पहाटे साडेपाचला पुण्यात पोहोचते. एकदा मात्र ती पावणेचारलाच वाघोलीत आली आणि "गाडी पुढे जाणार नाही" म्हणून मला तिथेच उतरवलं. रस्ता रिकामा, फोनची बॅटरी ९ टक्के.

मी बिनधास्त होते, कारण रात्री आठला गाडीत बसतानाच आईला व्हॉट्सअ‍ॅपवर ८ तासांचं लाइव्ह लोकेशन पाठवलं होतं. आता हिशोब करा. आठ अधिक आठ, म्हणजे पहाटे चार. मला खरी गरज होती तेव्हाच ते बंद पडणार होतं. त्यात आई रात्री नेट बंद करून झोपते. सहाला तिचा फोन आला, "पोहचली का वं? इथं तं काहीच दिसून नाही राह्यलं." तोवर मी चोवीस तास चालू असलेल्या एका पेट्रोल पंपावर, कॅमेऱ्याखालच्या खुर्चीत बसून होते. काही झालं नाही. पण मी ज्याला सुरक्षा समजत होते, ती प्रत्यक्षात नव्हतीच.

लोकेशन शेअरिंग नीट कसं करायचं?

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे तीनच पर्याय आहेत. लांबच्या प्रवासात सुरुवातीला एकदा पाठवून भागत नाही, उतरण्याच्या तासभर आधी पुन्हा सुरू करावं लागतं. गुगल मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग मला जास्त आवडतं. ते तुम्ही बंद करेपर्यंत चालू ठेवता येतं आणि समोरच्याला तुमची बॅटरी किती उरली तेही दिसतं. दोन्हीकडे एक अट आहे : तुमच्या फोनवर नेट हवं आणि बघणाऱ्याच्याही. बॅटरी सेव्हर चालू असेल तर लोकेशन अडकून जुनंच दिसू शकतं, म्हणून किती वेळापूर्वी अपडेट झालंय ते बघायला घरच्यांना शिकवा.

म्हणूनच लोकेशन कोणाला पाठवायचं, हा प्रश्न अ‍ॅपपेक्षा महत्त्वाचा आहे. मी आता ते भावाला आणि रूममेटला पाठवते. भावाने फोन सायलेंटवर ठेवणं बंद केलंय. तो 'डू नॉट डिस्टर्ब' लावतो आणि त्यात स्टार केलेल्या नंबरांचे कॉल वाजू देतो. आयफोनवर हेच काम त्या कॉन्टॅक्टच्या रिंगटोनमध्ये जाऊन 'इमर्जन्सी बायपास' चालू केलं की होतं. आमचं ठरलेलं आहे : उतरले की मी साधा कॉल करते, मेसेज नाही. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात कॉल आला नाही तर तो लावतो. दोनदा उचलला नाही तर ११२.

११२ आणि एसओएस

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर निर्भया निधी उभा राहिला, त्यातूनच ११२ ही देशभराची एकच आपत्कालीन सेवा आली. महाराष्ट्रात ती २०२१ पासून आहे. राज्यभरातले कॉल नवी मुंबई आणि नागपूरच्या केंद्रांत घेतले जातात, त्यामुळे भावाने वाशिमहून फोन केला तरी पुण्यात मदत पाठवता येते. फक्त "ताई पुण्यात आहे, शेवटचं लोकेशन वाघोली" हे पहिल्याच वाक्यात सांगायचं.

अँड्रॉइड १२ आणि पुढच्या बऱ्याच फोनमध्ये पॉवर बटण पटापट पाच वेळा दाबलं की एसओएस सुरू होतं. आयफोनमध्ये बाजूचं बटण आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून धरायचं. सेटिंग्जमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' शोधा, नंबर ११२ आहे ना बघा, घरच्यांचे नंबर भरा. काउंटडाउनला सायरन वाजवायचा की नाही, हेही तिथेच ठरतं. मी तो बंद ठेवलाय, कारण कॅबमध्ये मागे बसलेली असताना मी काय करतेय ते ड्रायव्हरला कळू नये असं मला वाटतं. मैत्रिणीचं मत नेमकं उलट आहे. ती म्हणते, आवाज झालाच पाहिजे. आईकडे साधा कीपॅड फोन असेल तर? २०१७ पासूनच्या नियमानुसार अशा फोनमध्ये ५ किंवा ९ हे बटण दाबून धरलं की आपत्कालीन कॉल लागायला हवा.

जिथे अ‍ॅप पुरत नाही

२५ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे पावणेसहाच्या सुमारास स्वारगेट एसटी स्थानकात फलटणला निघालेल्या एका तरुणीवर अत्याचार झाला. तक्रारीनुसार, आरोपीने गोड बोलून "तुमची गाडी तिकडे लागली आहे" असं सांगत तिला उभ्या असलेल्या रिकाम्या शिवशाहीत नेलं. यात तिची काही चूक नव्हती. स्थानकात कोणी गाडी दाखवली तर आपण सगळेच जातो. लोकेशन शेअर केलेलं असतं तरी नकाशावर ती 'स्वारगेट'लाच दिसली असती. अशा वेळी गाडीची खात्री चौकशी खिडकीवर किंवा गणवेशातल्या वाहकाकडेच करायची, आणि दिवे बंद असलेल्या गाडीत चढायचं नाही. कॅबच्या बाबतीतही तेच. आधी नंबर प्लेट जुळवायची, मग ओटीपी सांगायचा, आणि "कोणासाठी आलात?" हे त्यालाच विचारायचं, आपलं नाव आपण सांगायचं नाही.

काही घडलंच, तर हद्दीचा वाद न घालता कुठल्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात ही तरतूद स्पष्ट लिहिलेली आहे.

आणि हो, पॉवर बँक. गाडीतल्या चार्जिंग पॉइंटवर विसंबून मी एकदा ९ टक्क्यांवर आलेय, आता दोन केबल बॅगेत असतात.