ठरवून हरलेली कुस्ती

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत कुस्त्यांचा फड रंगतो, तेव्हा मातीभोवती बसलेली माणसं पंचाच्या चुकीवर जितकी चिडत नाहीत तितकी नुरा कुस्तीवर चिडतात. दोन पैलवान आधी आपसात बोलून घेतात, कोणी पडायचं ते ठरवतात, थोडा वेळ झटापट दाखवतात आणि इनाम वाटून घेतात. गावाचा राग समजण्यासारखा आहे. पण या प्रकाराचं खापर फोडलं जातं ते नेहमी पैलवानाच्या दानतीवर: हल्लीची पोरं लबाड झाली, मातीची शान राहिली नाही, वगैरे. मला हे निदान अपुरं वाटतं. नुरा कुस्ती पैलवानाच्या मनात उगवते त्याआधी ती इनामाच्या रचनेत पेरलेली असते, आणि ती रचना यात्रा कमिटीच्या हातात असते.

मराठवाड्यातल्या कुस्तीचा पोशिंदा कोण होता, हे आधी पाहायला हवं. कोल्हापूरला शाहू महाराजांनी पैलवानांना राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राज्यात असलेल्या नांदेड-लातूरच्या खेड्यांत कुस्ती जगली ती मुख्यतः जत्रेवर आणि गावाच्या वर्गणीवर. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर, मग रोख इनाम चढत जाणार, आणि शेवटी मानाची कुस्ती. सुगी सरली की पैलवान या जत्रेतून त्या जत्रेत फिरतो. दूध, तूप, बदामाचा खुराक वर्षभर चालू ठेवावा लागतो आणि तो भागवायचा ते बहुतांशी या काही महिन्यांच्या इनामांतून. अशा वेळी गुडघा निखळला तर अख्खा हंगाम गेला. जिंकणाऱ्याला सगळं आणि पडणाऱ्याला जवळजवळ काहीच नाही, ही जत्रेची जुनी रीत. मग दोन तोलाच्या मल्लांनी हिशोब मांडला तर उत्तर एकच येतं: आज तू पड, पुढच्या जत्रेत मी पडतो, पैसे निम्मे निम्मे. हाडं शाबूत राहतात आणि खुराकही चालू राहतो.

जाणत्या माणसाला ही कुस्ती ओळखू येते. खऱ्या लढतीत पट निघाला तरी खालचा मल्ल मान रोवून पुलासारखा वर उठतो, एक खांदा तरी मातीपासून सुटा ठेवतो. मानेच्या शिरा तटतटतात, घामावर तांबडी माती थापली जाते. नुरा कुस्तीत पकड दिसायला घट्ट, पण बोटांत जोर नसतो. डाव पडायच्या आधीच पाय हलका होतो आणि दोन्ही खांदे एकदम मातीला लागतात. मग कडेचा एखादा जुना वस्ताद मान फिरवतो, पोरं ‘नुरा, नुरा’ म्हणून ओरडतात, हलगी मात्र वाजतच राहते.

कमिट्या यावर उपाय करत आल्या, पण एक भोक बुजवलं की दुसरं पडतं. निकाल लागला तरच पैसे, असं ठरवलं की ठरवून चितपट होते. बरोबरीत सोडवून इनाम वाटून दिलं तर दोघं मनगटं धरून मैदानभर फिरत राहतात. अंगचोरीची ही तऱ्हा आपल्याच मातीची नाही. १९१० साली लंडनमध्ये गामा पैलवानाशी लढताना पोलंडचा झिबिस्को अडीच तासांहून जास्त वेळ बहुतेक जमिनीला चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. फेरलढतीला तो आलाच नाही. हरलं नाही म्हणजे पुरे, असा नियम असेल तर माणूस न हरण्यापुरतंच लढतो.

मालक आणि आयोजकांचा हात यात कसा असतो, ते अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये १८९९ साली उघड दिसलं. क्लीव्हलँड स्पायडर्स या संघाच्या मालकांनी त्याच लीगमधला सेंट लुईसचा संघही विकत घेतला आणि साय यंगसारखे उत्तम खेळाडू तिकडे हलवले. मागे उरलेल्या संघाने २० सामने जिंकले आणि १३४ हरले. बेसबॉलच्या मोठ्या लीगमधला सर्वांत वाईट संघ म्हणून आजही त्याचंच नाव घेतात. त्या खेळाडूंपैकी कोणी हरायला उतरला नव्हता. एका मालकाला दोन संघ ठेवू देणाऱ्या लीगने तो पराभव आधीच लिहून ठेवला होता. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चीन, दक्षिण कोरिया आणि इंडोनेशियाच्या बॅडमिंटनपटू मुद्दाम सर्व्हिस जाळ्यात मारताना साऱ्या जगाने पाहिल्या, कारण गटात हरलं तर पुढे सोपी जोडी मिळणार होती. आठ जणी बाद झाल्या. शिक्षा योग्यच होती, पण रोग हटवायला नियमच बदलावा लागला: गटसामने संपल्यानंतर पुढच्या फेरीची सोडत काढायची, म्हणजे हरून प्रतिस्पर्धी निवडता येणार नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो वजनदार आहे. सगळेच गरीब होते, मग सगळेच नुरा का लढले नाहीत? निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार याच मातीतले. १९६९ला लातूरच्याच अधिवेशनात ते महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७०ला एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी घडवलेल्या मल्लांत बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारे होता, ज्याने २०१८ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. सचोटी असते, आणि ती माणसाची स्वतःची कमाई असते, हे मला पूर्ण मान्य आहे. पण ज्या स्पर्धांनी ही नावं मोठी केली त्यांची रचनाही पाहा. तिथे पडलेल्याला किताब वाटून मिळत नाही, पुढच्या जत्रेत उसनं फेडता येत नाही, आणि वेळ संपली तर गुणांवर निकाल लागतो. तिथे खरं लढणं परवडतं. जत्रेत मात्र सचोटीच्या पैलवानालाच भुर्दंड बसतो, कारण बोलणी न करणाऱ्याशी जोड लावायला दुसरे कचरतात.

दुसरं म्हणणं असं की नुरात कोणाचं काय जातं, लोकांना तमाशा मिळतो. हे मला मुळीच पटत नाही. मुद्दाम हरणं उघड असेल तर गोष्ट वेगळी: आज संगणकावर आभासी बेसबॉल लीग चालवणारे काहीजण मुद्दाम जमेल तितका रद्दी संघ बांधून पाहतात. त्यात फसवणूक नाही. सगळं उघड असतं आणि लीगच्या नियमांना कुठे भोक आहे तेही त्यातून कळतं. जत्रेत वर्गणी देणारा शेतकरी आणि डोळे विस्फारून बसलेलं तालमीतलं पोर यांना कोणी काही सांगितलेलं नसतं. त्या पोराने आज जे पाहिलं तेच तो दहा वर्षांनी करणार.

म्हणून यात्रा कमिट्यांना विनंती आहे. मोठ्या जोडीतल्या दोघांनाही प्रवास आणि खुराकापुरतं ठरलेलं मानधन आधीच द्या, पडणाऱ्याचा वाटा किती ते भोंग्यावरून जाहीर करा, कुस्तीला वेळेची मर्यादा घाला आणि ती संपली की निकाल गुणांवर लावा. एखादा मल्ल जायबंदी झाला तर उपचारासाठी वर्गणीतली थोडी रक्कम बाजूला ठेवा. मार्गशीर्षात माळेगावला आणि महाशिवरात्रीला लातूरला एवढं करून पाहा, आणि त्यानंतरही कोणी ठरवून पडला तर त्याला खुशाल मैदानाबाहेर काढा.