पूर्वपक्षाची शाळा

सौंसर-पांढुर्णा हा मराठी मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतरही मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली त्याचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. सौंसरजवळच्या मोहगाव हवेलीस अर्धनारीश्वराचे देवालय आहे. देवालयांच्या आश्रयाने चालणाऱ्या जुन्या पाठशाळांत केवळ घोकंपट्टी होत असे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे.

वेदपठण घोकून होई; शास्त्राध्ययनाची रीत मात्र निराळी होती. मीमांसेत प्रत्येक अधिकरणाची पाच अंगे मानली आहेत : विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष व निर्णय. संशयावाचून विचारास आरंभ नाही, आणि प्रतिपक्षाचे म्हणणे समर्थपणे मांडल्यावाचून निर्णयास किंमत नाही. एक प्रसिद्ध उदाहरण घ्यावे. यज्ञात माखलेले खडे मांडावेत, अशी आज्ञा आहे; कशाने माखलेले, ते सांगितलेले नाही. पूर्वपक्षी म्हणतो, तेल वा तूप, कोणतेही चालेल. सिद्धान्ती दाखवितो की, पुढे तुपाचीच स्तुती आहे. म्हणून तूपच घ्यावे. संदिग्ध कलमाचा अर्थ उरलेल्या मजकुरावरून लावताना आम्ही वकील आजही हेच करतो.

विसाव्या शतकात वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांनी ही विद्या जिवंत ठेवली. विनोबांनी १९१७ साली त्यांच्यापाशी अध्ययन केले आणि १९२१ साली ते मोहगावच्याच तत्कालीन मध्यप्रांतातील वर्ध्यास आले. लक्ष्मणशास्त्री जोशी वाईसच घडले. १९३२-३३ साली येरवड्याच्या तुरुंगात असता गांधीजींनी अस्पृश्यतेविषयी शास्त्रीपंडितांशी चर्चा केली, तेव्हा अस्पृश्यतानिवारणाच्या बाजूने शास्त्रार्थ करणाऱ्यांत लक्ष्मणशास्त्री होते. ग्रंथांच्या बळावर देवळांची दारे बंद ठेवणाऱ्यांना ग्रंथांतूनच उत्तर मिळाले.

तथापि एक वैगुण्य सांगितलेच पाहिजे. ज्यांच्याविषयी हे निर्णय होत, त्यांनाच पाठशाळेत बसून पूर्वपक्ष मांडण्याची मुभा शतकानुशतके नव्हती. स्त्रियांचीही गत बहुधा तीच. ज्या वादात एका पक्षकाराचे म्हणणे ऐकलेच जात नाही, त्यातील निर्णय कोणतेही न्यायालय उचलून धरणार नाही.

१९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. देवळांची दारे कायद्याने उघडता आली. पूर्वपक्षाची दारे उघडणे मात्र आपल्याच हाती आहे. मोहगावसारख्या गावी पुराण संपल्यावर कोणत्याही घरच्या मुलामुलीस, "याविरुद्ध काय म्हणता येईल?" असे विचारावे आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. त्याने श्रद्धेस उणेपणा येणार नाही. आपल्या शास्त्रकारांनी विचाराचा आरंभ तेथूनच केला आहे.