वर्गात बोलायचे कोणी?

गोव्यातील डिचोली आणि पेडणे हे महाल पोर्तुगीजांच्या हाती गेले ते अठराव्या शतकाच्या उतारावर. पेडणे तर 1788 मध्ये. तिसवाडी-बार्देशाने सोसलेली धर्मांतराची आणि भाषाबंदीची शतके या नव्या काबिजादींच्या वाट्याला आली नाहीत. त्यामुळे मराठी अक्षरओळख इथे देवळाच्या मंडपात किंवा एखाद्या घराच्या ओसरीवर टिकून राहिली. शिकवणारा तो शेणवीमाम. धुळपाटीवर बोट फिरवायचे, पाढे, पावकी, निमकी एका सुरात घोकायची. आपण त्या ओसरीकडे कान दिला, तर आवाज पोरांचाच येईल. पण त्यात पोराचे स्वतःचे असे एक वाक्य सापडायचे नाही. प्रश्न मास्तरांचा, चूक पोराची आणि दोघांच्या मध्ये छडी. तरी या मास्तरांना निव्वळ जमदग्नी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. त्यांचा मोबदला बहुधा घरोघरच्या धान्यातून येई, त्यामुळे कोणत्या घरात चूल पेटली नाही हे त्यांना ठाऊक असे.

मुलाला स्वतःचे काही सांगायचे असते, याची चाहूल घाटावर आधी लागली. फुल्यांच्या पुण्यातील शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला. शाळेने मुलीला नुसते लिहायला शिकवले नव्हते, तिचे ऐकूनही घेतले होते. पुढचे ठळक वळण गुजरातेत आले. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये बालमंदिर काढले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’मधला नवा मास्तर पहिल्या दिवशी मुलांना शांततेचा खेळ खेळायला सांगतो आणि वर्गात एकच गोंधळ उडतो. मग तो गोष्ट सांगायला बसतो, आणि तोच वर्ग कान टवकारून ऐकू लागतो. वर्गावर ताबा मिळवण्याच्या साऱ्या विद्येपेक्षा ही फजिती मला अधिक शिकवून जाते. 1923 मध्ये ताराबाई मोडक भावनगरला गेल्या, आणि हा विचार मराठीत आला तो त्यांच्यामुळे. 1945 मध्ये बोर्डीला त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. मुले शाळेत येत नसतील तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा खाक्या.

गोव्यात 1910 च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकाने हिंदूंना मोकळीक दिली आणि खासगी मराठी शाळा वाढल्या. मुक्तीनंतर मूळचे पेडण्याचे भाऊसाहेब बांदोडकर 20 डिसेंबर 1963 रोजी पहिले मुख्यमंत्री झाले आणि प्राथमिक शाळा वाड्यावाड्यांवर पोचल्या. आता ज्यांच्या घरात कोणी पाटी धरली नव्हती अशी मुले वर्गात आली, आणि त्यांच्यासोबत छडीही आली. तिला आवर घालायला बराच काळ गेला. 1986 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शारीरिक शिक्षेला नकार दिला, तरी तो कागदावरच होता. गोव्याच्या बाल कायद्याने 2003 मध्ये शाळांतील मारावर बंदी घातली. देशभर लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचे सतरावे कलम 1 एप्रिल 2010 पासून अमलात आले. त्याने मारासोबत मानसिक छळही निषिद्ध ठरवला. छडी त्यामुळे कपाटात गेली. ‘मठ्ठ’ हा शब्द मात्र अजून बऱ्याच जिभांवर आहे.

पोराला गप्प करायला छडीच लागते असेही नाही. पेडण्याच्या पहिलीतले पोर उठून कोकणीत विचारते, “बाई, उदक पिवंक वचूं?” बाईंनी आधी त्याचे मराठी दुरुस्त केले, तर ते पुन्हा उठत नाही, पाण्यासाठी नाही आणि गणित अडले तरी नाही. जाणत्या बाई “वच” म्हणतात, आणि ते परत आले की पाणी कसे होते ते मराठीत विचारतात. काही मराठी शाळांत पट इतका घसरला आहे की पहिली ते चौथी एकाच खोलीत बसते. तिथे चौथीतली मुलगी बाईंचे म्हणणे पहिलीतल्या भावाला घरच्या बोलीत समजावते, आणि तेवढ्यात बाई दुसरीच्या वह्या तपासून घेतात.