सोडतीचा पैसा आणि विद्यादान



सरकारला लोकांपासून पैसा मिळविण्याचे मार्ग मोजकेच असतात. कर बसवावा, कर्ज काढावें, किंवा एखाद्या मालाचा मक्ता आपल्या हातीं ठेवून तो विकावा. यांखेरीज आणखी एक मार्ग आहे, आणि त्याची मौज अशी कीं त्यांत सक्तीचा लवलेशही नसतो. लोक आपण होऊन रांगेंत उभे राहतात, खिशांतला पैसा काढून देतात, आणि हातांत कांहींच पडलें नाहीं तरी सरकारला बोल न लावतां आपल्या नशिबाला बोल लावून घरीं जातात. हा मार्ग म्हणजे सोडत, किंवा रोजच्या बोलण्यांतली लॉटरी. सरकारनें स्वतः सोडत चालवावी आणि तिचें उत्पन्न शाळा-कॉलेजांना द्यावें, ही कल्पना अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत चांगलीच रुजली आहे. ती कशी रुजली, आणि तिच्या पोटांत कोणता प्रश्न दडलेला आहे, हें आज आपणांपुढें मांडण्याचा विचार आहे.

या कथेचा पहिला भाग वसाहतींच्या काळांतला आहे. त्या वेळीं अमेरिकेंत मोठ्या पेढ्या नव्हत्या, रोख पैसा दुर्मिळ होता आणि कराचें नांव काढतांच लोकांच्या कपाळाला आठ्या पडत. अशा स्थितींत पूल, देवळें, तटबंदी आणि विद्यालयें यांसाठीं सोडतीची परवानगी देणें हाच सोयीचा उपाय होता. आज कोलंबिया या नांवानें जगप्रसिद्ध असलेलें न्यूयॉर्कचें विद्यापीठ प्रत्यक्ष स्थापन झालें १७५४ सालीं. पण त्यासाठीं पैसा जमविणाऱ्या सोडतीस तेथील विधिमंडळानें १७४६ मध्येंच मंजुरी दिली होती. हार्वर्ड येथील स्टॉटन आणि होलवर्दी या दोन इमारती, एक १८०५ ची व दुसरी १८१२ ची, सोडतीच्या पैशांतूनच उभ्या राहिल्या. बेंजामिन फ्रँकलिनसारख्या काटकसरीच्या उपदेशकानेंही फिलाडेल्फियाच्या संरक्षणासाठीं १७४७ मध्यें सोडत काढण्यास पुढाकार घेतला होता. त्या काळच्या भल्या माणसांना सोडत हें पाप वाटत नव्हतें, हें यावरून दिसून येईल.

पण या सोडती सरकार चालवीत नसे. सरकार फक्त परवाना देई. तिकिटें छापणारे, विकणारे आणि सोडत काढणारे खासगी कंत्राटदार असत. पैसा जितका वाढला तितकी लबाडीही वाढली. न्यूयॉर्क राज्यानें १८२१ च्या आपल्या घटनेंत नव्या सोडतींना बंदी घातली, आणि १८६० च्या सुमारास बहुतेक राज्यांनीं तिचें अनुकरण केलेलें होतें.

यादवी युद्धानंतर या प्रकारानें पुन्हां डोकें वर काढलें तें लुइझियाना राज्यांत. १८६८ मध्यें तेथील एका खासगी कंपनीस पंचवीस वर्षांची सनद मिळाली. मोबदला म्हणून न्यू ऑर्लिन्सच्या धर्मार्थ रुग्णालयास तिनें दर वर्षीं चाळीस हजार डॉलर द्यावयाचे होते. कंपनीचा नफा पाहतां ही रक्कम म्हणजे हत्तीपुढें टाकलेली मूठभर दाणे होत. बोरेगार्ड आणि अर्ली हे दक्षिणेचे दोन नामांकित सेनापति सोडतीच्या देखरेखीस बसविलेले होते, आणि टपालखात्याच्या थैल्यांतून या कंपनीचीं तिकिटें देशाच्या कानाकोपऱ्यांत जात होतीं. लांचलुचपतीचा बोभाटा इतका झाला कीं १८९० मध्यें मध्यवर्ती कायदेमंडळानें सोडतीच्या टपालास बंदी केली, व १८९५ मध्यें एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत तिकिटें नेणेंही गुन्हा ठरविलें. तेथून पुढें सुमारें सत्तर वर्षें अमेरिकेंत कायदेशीर सरकारी सोडत नव्हती.

ही समाधि भंगली ती न्यू हॅम्पशायर या ईशान्येकडील लहानशा डोंगराळ राज्यांत. या राज्याचा एक हट्ट प्रसिद्ध आहे. तेथें मजुरीवर किंवा पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाहीं, आणि सर्वसाधारण विक्रीकरही नाहीं. त्यामुळें शाळांचा बहुतेक भार गांवोगांवच्या घरपट्टी-जमीनपट्टीवर पडे. कीन या गांवचे प्रतिनिधि लॅरी पिकेट यांनीं १९५३ पासून सोडतीचें विधेयक पुन्हां पुन्हां मांडलें. १९५५ मध्यें तें मंजूरही झालें, पण गव्हर्नर ड्विनेल यांनीं त्यास संमति नाकारली. अखेर ३० एप्रिल १९६३ रोजीं गव्हर्नर जॉन किंग यांनीं त्यावर सही केली. देशभर टीकेची झोड उठली. सरकारनें जुगाराचा अड्डा घातला, आणि तोही मुलांच्या नांवावर, असा तिचा सूर होता. परंतु मार्च १९६४ मध्यें गांवोगांवीं मतें घेण्यांत आलीं तेव्हां बहुसंख्य गांवांनीं होकार दिला, आणि त्याच महिन्यांत सेलम येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर पहिलें तिकीट गव्हर्नरसाहेबांनींच विकत घेतलें.

त्या पहिल्या सोडतीची घडण मोठी चमत्कारिक होती. तिकिटाची किंमत तीन डॉलर. विक्री शर्यतीच्या मैदानांवर आणि सरकारी मद्याच्या दुकानांत. राज्याबाहेर तिकीट नेणें हा अजून गुन्हाच असल्यामुळें एक युक्ति योजण्यांत आली. ग्राहकानें आपलें नांव व पत्ता लिहावयाचा; तिकीट यंत्रांतच राहावयाचें, आणि ग्राहकानें फक्त त्याची पोंच घेऊन जावयाचें. निकाल लावावयाचा तो घोड्यांच्या शर्यतीवरून. आयर्लंडांत रुग्णालयांसाठीं १९३० पासून चाललेल्या प्रसिद्ध सोडतीचाच हा कित्ता होता. १२ सप्टेंबर १९६४ रोजीं शर्यत झाली, 'रोमन ब्रदर' नांवाचा घोडा जिंकला, आणि सर्वांत मोठें बक्षीस एक लाख डॉलरांचें होतें. पहिल्या वर्षीं सुमारें ५७ लाख डॉलरांचीं तिकिटें खपलीं व त्यांतला जवळजवळ अर्धा भाग शाळांना मिळाला. यांतली मख्खी अशी कीं तिकिटें घेणारे बहुतेक लोक शेजारच्या राज्यांतले होते. न्यू हॅम्पशायरच्या मुलांची फी परक्यांच्या आशेवर भरली जात होती!

शेजारी किती दिवस पाहत बसणार? न्यूयॉर्कनें १९६७ मध्यें शिक्षणासाठींच म्हणून आपली सोडत सुरू केली. न्यू जर्सीनें १९७० च्या अखेरीस तिकीट अर्ध्या डॉलरवर आणलें व दर आठवड्यास सोडत ठेवली, तेव्हां कुठें या धंद्याचें खरें मर्म उमगलें. तिकीट स्वस्त हवें आणि निकाल लवकर हवा. १९७४ मध्यें मॅसॅच्युसेट्सनें नखानें खरवडून तत्काळ निकाल पाहावयाचें तिकीट काढलें. न्यू हॅम्पशायरची सोडत वर्षांतून एक-दोनदां येणारा सण होता. नव्या सोडती म्हणजे रोजचा विडा झाल्या. २०१९ मध्यें मिसिसिपी राज्य सामील झालें तेव्हां पन्नासांपैकीं पंचेचाळीस राज्यांत सरकारी सोडत चालू झालेली होती.

आतां खऱ्या प्रश्नाकडे वळूं. सोडतीचा पैसा शिक्षणाकडे गेला म्हणजे शिक्षणाचा पैसा वाढला, असें आपणांस सहजच वाटतें. पण सरकारच्या तिजोरीला दोन दारें असतात. एका दारानें सोडतीचे शंभर रुपये शाळेकडे आले आणि दुसऱ्या दारानें करांतून मिळणारे शंभर रुपये रस्त्यांकडे किंवा तुरुंगांकडे वळविले, तर हिशेबाच्या वहींत कोठेंही खोटें लिहिलेलें नसतें, आणि तरीही शाळेच्या पदरांत एक पैही जास्त पडलेली नसते. फ्लॉरिडा राज्यानें १९८६ मध्यें मतदारांची संमति घेऊन १९८८ च्या जानेवारींत सोडत सुरू केली, ती शिक्षणांत भर घालावयाची या वचनावर. पुढें तेथील पालकांची आणि शिक्षकांची तक्रार हीच राहिली कीं भर पडण्याऐवजीं अदलाबदल झाली. शिवाय आणखी एक तोटा असा कीं, शाळांना सोडतीचा पैसा मिळतोच आहे, मग कर वाढवावयाचा कशाला, असें लोकांना वाटूं लागतें.

हा दोष ओळखून ज्यानें निराळी रचना केली तो गृहस्थ म्हणजे जॉर्जिया राज्याचा गव्हर्नर झेल मिलर. त्याचा जन्म १९३२ मध्यें डोंगरांतल्या यंग हॅरिस या खेड्यांतला. वडील तेथील लहानशा कॉलेजांत अध्यापक होते. मूल अवघें सतरा दिवसांचें असतां ते वारले. आईनें ओढ्यांतले दगड वेंचून आणून घर उभें केलें आणि मुलांना वाढविलें. मिलर स्वतः पुढें इतिहासाचा अध्यापक झाला, आणि १९९० ची निवडणूक त्यानें सोडतीच्या प्रश्नावरच लढविली व जिंकली. बाप्टिस्ट धर्मोपदेशकांनीं कडवा विरोध केला. नोव्हेंबर १९९२ मध्यें घटनादुरुस्तीस लोकांनीं थोड्याशा मताधिक्यानेंच मान्यता दिली. २९ जून १९९३ रोजीं तिकिटें विक्रीस आलीं, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत पहिल्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ति मिळाली.

मिलरचें चातुर्य दोन गोष्टींत होतें. एक, हा पैसा चालू खर्चाची जागा घेणार नाहीं, त्यांत भर घालील, असें त्यानें राज्याच्या घटनेंतच लिहून ठेविलें. दुसरी, हा पैसा त्यानें सर्वसाधारण खर्चांत मिसळूं न देतां, ज्यांना स्वतःचें नांव आहे आणि जीं डोळ्यांना दिसतात अशा नव्या कामांना बांधून टाकिला. त्यांत मुख्य काम म्हणजे 'होप', अर्थात् 'आशा', या नांवाची शिष्यवृत्ति. शाळेंत चांगले गुण मिळवून राज्यांतल्याच सरकारी कॉलेजांत जाणाऱ्या विद्यार्थ्याची फी तिच्यांतून भरली जाई. दुसरें काम म्हणजे चार वर्षांच्या मुलांसाठीं बालवर्ग. १९९५ पासून हा वर्ग उत्पन्नाची अट न ठेवतां सर्व मुलांना खुला करण्यांत आला, आणि असें करणारें जॉर्जिया हें अमेरिकेंतलें पहिलें राज्य ठरलें. ज्या घरांतून पूर्वीं कोणी कॉलेजची पायरी चढलेला नव्हता अशा घरांतही 'होप' हा शब्द परिचयाचा झाला. आजवर वीस लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना या योजनेचा लाभ मिळालेला आहे. ही कामगिरी लहान नव्हे.

पण याच शिष्यवृत्तीच्या इतिहासांत एक कांटा आहे. आरंभीं ती वर्षास ६६ हजार डॉलरांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांपुरतीच होती. पुढच्याच वर्षीं ही मर्यादा एक लाखावर नेण्यांत आली, आणि १९९५ मध्यें अजिबात काढून टाकण्यांत आली. त्यामुळें मोटारींतून येणाऱ्या मुलाचीही फी माफ झाली. उलट ज्या गरीब विद्यार्थ्याला मध्यवर्ती सरकारची पेल नांवाची मदत मिळत असे, त्याच्या 'होप'मधून तितकी रक्कम २००० सालापर्यंत कापून घेतली जाई. म्हणजे श्रीमंताच्या मुलाला सोडतीची पूर्ण फी, आणि गरिबाच्या मुलाला, त्याला दुसरीकडून कांहीं मिळतें म्हणून, थोडी किंवा मुळींच नाहीं.

आणि हीं तिकिटें घेत होतें कोण? अर्थशास्त्रज्ञांनीं या प्रश्नाचा कसून शोध घेतला आहे. उत्पन्नाच्या मानानें पाहिलें तर तिकिटांवरील खर्चाचा भार गरिबांवर अधिक पडतो, ही गोष्ट एका अभ्यासांत नव्हे, अनेकांत दिसून आली. जॉर्जियापुरतें बोलावयाचें तर कमी उत्पन्नाच्या आणि काळ्या वर्णाच्या कुटुंबांनीं तिकिटांवर अधिक खर्च केला, आणि शिष्यवृत्तीचा लाभ मात्र सुखवस्तु व सुशिक्षित कुटुंबांकडे अधिक गेला. बालवर्गांचा हिशेब त्या मानानें बरा निघाला, कारण त्यांचा फायदा गरिबांच्या घरांपर्यंत पोंचला. एकाच सोडतीचीं हीं दोन फळें. एक गोड, एक आंबट. झाड मात्र एकच होतें. यावरून उत्पन्न कोठून आलें याइतकेंच तें कोणत्या नियमानें वांटलें यालाही महत्त्व आहे, हें ध्यानांत येईल.

सोडतीवर विसंबण्यांत दुसराही एक धोका आहे. कॉलेजची फी दर वर्षीं वाढते. नशिबाचा खेळ तितक्या वेगानें वाढेलच असा भरंवसा नसतो. तिकिटावर खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरांतला निम्म्याहून अधिक भाग बक्षिसांतच जातो. शक्य तों शेंकडा पस्तीस भाग शिक्षणाला मिळावा असें जॉर्जियाच्या कायद्याचें ध्येय होतें. प्रत्यक्षांत अलीकडे तो शेंकडा पंचवीसच्या आसपास राहिलेला आहे. २०११ मध्यें हिशेबाचीं टोकें जुळेनात. तेव्हां गव्हर्नर नेथन डील यांच्या काळांत सामान्य 'होप' विद्यार्थ्यांची पूर्ण फीमाफी संपली, आणि अत्युत्तम गुण मिळविणाऱ्यांसाठीं मिलरच्याच नांवानें निराळी पूर्ण शिष्यवृत्ति ठेवण्यांत आली. अत्युत्तम गुण मिळविणारे बहुधा चांगल्या शाळांतले, आणि चांगल्या शाळा बहुधा चांगल्या वस्त्यांतल्या! पूर्ण फीमाफी परत आली ती बारा वर्षांनीं, २०२३ मध्यें.

आपल्याकडेही केरळनें १९६७ मध्यें आणि महाराष्ट्रानें १९६९ मध्यें सरकारी सोडत सुरू केली, त्यामुळें हा विषय आपणांस अगदीं परका नाहीं. सोडत वाईट म्हणून ती बंद करावी, असें म्हणणें सोपें आहे; पण सरकारनें दुकान बंद केलें म्हणून नशिबाचा नाद सुटतो असें नाहीं. चोरट्या आंकड्यांचा धंदा जगांत सर्वत्र चाललेलाच होता. तेव्हां सोडत चालवावीच, तर तिच्याकडे दान म्हणून न पाहतां कर म्हणून पाहणें अधिक प्रामाणिकपणाचें होईल. कर म्हटला कीं मग तो कोणाच्या खिशांतून येतो, कोणाच्या घरीं पोंचतो, आणि त्याच्यामागून दुसरें कोणतें देणें गुपचूप कमी झालें, हे प्रश्न विचारण्याचा हक्क नागरिकाला आपोआप प्राप्त होतो. दानशूराला हिशेब विचारणें आपणांस अशिष्ट वाटतें. कर घेणाऱ्याला तो विचारणें हें आपलें कर्तव्यच असतें.

पूर्वजांनीं विद्येला सर्व दानांत श्रेष्ठ मानलें. त्या दानाचा दाता कोण, एवढें तरी आपण विसरतां कामा नये. कॉलेजच्या फीची पावती हातीं घेणाऱ्या तरुणाला ठाऊक नसेल, पण ती फी भरणाऱ्यांत ज्याच्या स्वतःच्या मुलानें कॉलेजचें दार कधीं पाहिलें नाहीं असा एखादा हमालही असतो. त्यानें आठवड्याच्या मजुरींतून एक तिकीट घेतलेलें असतें, आणि त्याचा नंबर लागलेला नसतो.